घासलेली राणी

धुरपताबाई जाताना दोन्ही सुनांची वाटणी तोंडीच सांगून गेल्या होत्या. मरणोत्तर जलदानाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले आणि थोरल्या मुलाने, किशोरने, त्यांची पेटी उघडली. धाकट्या सुनेला, मोहिनीला, सोन्याची पोत आणि चांदीचे गोट. थोरल्या सुनेला, छायाला, एक रुपया. चांदीचा, जुना, तव्याच्या बुडासारखा काळा.

"बाईनं ताईले रुपया देला वो!" मोहिनी तोंडाला पदर लावून हसली.

छाया हसली नाही. सासू अंथरुणाला खिळल्यापासून त्यांचं सगळं तिनेच केलं होतं. मोहिनी सेवाग्रामहून रविवारी यायची, पलंगाशी बसून गप्पा मारायची आणि चहा पिऊन जायची. छायाला बसायला वेळच नसे. चादर, दुपटं, भांडं, फरशी. बाईंचं अंगसुद्धा ती असं खसखसून पुसायची की त्या कण्हत म्हणायच्या, "पुरे कर वो, कातडं तं राहू दे."

आणि त्या सगळ्याचा हा रुपया.

सोन्याचं तिला काही नव्हतं. पण बाई आपल्याला काय समजत होत्या, हे एकदा कळायला हवं होतं. ते काही मनातून जाईना. सावंगीच्या दवाखान्यात वॉर्ड पुसताना तेच, बोरगावला घरी येऊन भाकरी थापताना तेच. रुपया तिने आधी तांदळाच्या डब्यात ठेवला, मग गादीखाली, मग बुद्धाच्या मूर्तीमागे. कुठेच तो स्वस्थ बसेना.

एका संध्याकाळी किशोरने मोबाईल तिच्यापुढे धरला. "हे पाय, राणीछाप, इंग्रजाच्या राणीचा रुपया! लोकं लाखात घेऊन राह्यले. माही माय काई येडी नव्हती."

तो गंमत करत होता, पण छायाच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. खरंच तसं असेल, तर बाईंनी सगळ्यांदेखत सगळ्यात मोठी वस्तू आपल्याला दिली. नसेल, तर जाता जाता थट्टा केली. सराफाला विचारल्याशिवाय आता घास उतरणार नव्हता.

सुट्टीच्या दिवशी तिने रुपया काढला. असा काळाकुट्ट चारचौघांत कसा न्यायचा? चिंच लावली, राख लावली. राणीच्या केसांतलं काळं निघेना म्हणून तारेची घासणी घेऊन दोन्ही बाजू घासल्या. रुपया आरशासारखा लखलखला.

"न्हाऊन आल्यावानी दिसते राणी," किशोर म्हणाला.

वर्ध्याच्या बाजारातले भैयाजी सराफ जुनी नाणीही घेत. त्यांनी भिंगाखाली रुपया एकदा फिरवला आणि गादीवर ठेवला.

"बाई, हे कोणं घासलं?"

"मीच जी. लय काळा होता."

"मंग काळाच आणाचा न! शौकीन लोकं घासलेलं नाणं हातात नाई घेत. हे पाहा, राणीचं नाक गेलं. सालही पुसलं. आता ही नुसती चांदी, वजनावर जाईन."

"पण पह्यले याची किंमत होती काय?"

"कोणतं साल होतं?"

छायाला सांगता येईना. तिने काळं पाहिलं होतं, साल पाहिलंच नव्हतं.

"काई सालं ढिगानं भेटते, काई शोधून सापडत नाई," भैयाजी म्हणाले. "आता मी तरी काय सांगू?"

रुपया मुठीत आवळून ती बाहेर आली. कळायचं ते कळलं नव्हतंच, वर कळण्याची वाटही तिने स्वतःच्या हाताने घासून टाकली होती. तेवढ्यात मोहिनीचा फोन आला. किशोरने तिला सांगितलं असणार.

"काय वो ताई, लखपती झाल्या काय?"

"कायची लखपती! घासला म्हणून गेला म्हणते सराफ."

"घासला? अवं ताई, बाई तं मले हात लावू देत नव्हती त्याले. एक डाव मी चिंच घेऊन बसली, तं पलंगावरून ओरडली. काळाच राहू दे म्हणे, नागपूरचा नाणेवाला याच्यासाठी मांगं लागलता, मी नाई देला. थोरलीचा हाय म्हणे तो."

छाया रस्त्यातच थांबली. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला.

"मंग मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"कवा सांगन? तुमी घडीभर बसल्या काय तिच्यापाशी? सदा हातात फडकं."

"आन तू त्या दिवशी हसली काऊन मंग?"

"जीव जळला माहा," मोहिनी म्हणाली. "मी मांगतला होता तो. नाई देला."

"आखीन काय म्हणे बाई माह्याबद्दल?"

"लय म्हणे. फोनवर काय काय सांगू?"

घरी कपडे भिजत घातलेले होते, ओट्यावर भांडी पडली होती. छायाने ऑटोला हात केला.

"बोरगाव काय?" ऑटोवाल्याने विचारलं.

"नाई," ती आत बसत म्हणाली, "सेवाग्राम."