सबनीसांची पॉवर

“सबनीसबाबूर पावर चोले गॅछे, आर फिरबे ना. शुनछी मोंगोलबार...”

सबनीसांची पॉवर गेली, आता परत यायची नाही, आणि म्हणे मंगळवारी... एवढं नळावर माझ्या कानावर पडलं आणि वरच्या मजल्यावरच्या मिनोतीदींची बादली भरली. बादली घेऊन त्या जिना चढून गेल्या. मंगळवारी काय, ते बादलीबरोबर वर गेलं.

अर्धी बातमी फार वाईट. पूर्ण ऐकली की माणूस विसरतो, अर्धी घरी आणून पोसावी लागते. कलकत्त्याच्या त्या आमच्या अंगणात सात बिऱ्हाडं, एक नळ आणि एक मोटार. किस्से साठायला आणखी काय लागतं? आम्ही बदलीवर आलेले, म्हणून मला प्रत्येक गोष्टीचं नवल. सबनीस कलकत्त्यातच जन्मलेले, शाळेत भूगोल शिकवायचे. मोटार त्यांची. दहातले सहा किस्से त्या मोटारीचेच निघतात, त्याला माझा इलाज नाही.

तर पॉवर गेली. आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे उठून फ्यूज बघायला गेले. त्या दिवसांत वीज रोजच जायची, त्यामुळे त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. मला वाटलं, शाळेत काही बिनसलं, हाताखालची माणसं काढून घेतली असतील. मग आठवलं, बंगाली लोक चष्म्याच्या नंबरालाही पावर म्हणतात. म्हणजे डोळे! भूगोलाचा मास्तर, रोज नकाशे बघणारा. मला फार वाईट वाटलं. गाजराची कोशिंबीर केली, वाटी झाकून सबनीसांच्या दारात उभी राहिले.

“कुमुद, भावोजींना दे. डोळ्यांना चांगली.”

“यांच्या डोळ्यांना काय झालंय?” कुमुद म्हणाली. “पॉवर मोटारीची गेलीय. पण वाटी ठेवा, वहिनी.”

*

मोटार कुणा परदेशी साहेबाची. तो देश सोडून चालला, जाताना सबनीसांना देऊन गेला. चालवायचं चाक डाव्या बाजूला. आणि तिला म्हणे पॉवर स्टेअरिंग होतं, म्हणजे इंजिन चालू असलं की पंप तेल ढकलतो आणि चाक लोण्यासारखं फिरतं. त्या वेळी कलकत्त्यात हे कुणी बघितलेलं नव्हतं. सबनीस येईल त्याला बसवून दाखवायचे. “करंगळीने बघा, वहिनी, करंगळीने.” मोटार जागची हलायची नाही, नुसती पुढची चाकं डावी-उजवी व्हायची, आणि आम्ही कौतुकाने बघायचो.

पॉवर गेल्यावर तेच चाक फिरवायला दोन्ही हात, दोन्ही खांदे आणि दात लागायला लागले.

एकदा आमचे हे मोटारीत सबनीसांच्या शेजारी बसून आले. आल्यावर पाणी प्यायले नि म्हणाले, “मास्तर वळण घेत नाहीत. वळणाशी कुस्ती खेळतात.”

*

गॅरेजवाल्याने सांगितलं, रॅक गेली. रॅक म्हणजे नळीत बसवलेली दातांची लांब पट्टी. चाक फिरवलं की ती इकडून तिकडे सरकते आणि टायर वळवते. अशी रॅक इथे मिळणार नाही, म्हणाला. सबनीसांना राग आला. “मग मी घरीच बदलतो,” म्हणाले. त्यांनी तोवर सायकलचं पंक्चरही काढलेलं नव्हतं.

मदतीला सबनीसांचे मित्र गोखले. ते हावड्याला रेल्वेत होते, दर रविवारी सबनीसांकडे जेवायला यायचे आणि जेवणाआधी मोटारीखाली जायचे. दोघांनी पुढचा भाग जॅकने उचलला, खाली लाकडाचे ठोकळे सारले. मोटारीखालून चार पाय बाहेर आणि आतून गोखल्यांचा आवाज.

“मास्तर, मुळात हे स्टेअरिंग कशाला लागतं?”

“वळायला.”

“आमच्याकडे रूळ वळतात.”

थोड्या वेळाने पाना पडल्याचा आवाज, आणि पुन्हा गोखले: “रूळ टाकून घ्या, मास्तर. स्वस्तात पडेल.”

*

जुनी रॅक सोडवली तेव्हा तिच्यातलं तेल सांडलं. ते तेल लालभडक. आमच्या अंगणातून ओघळ निघाला तो फाटकाखालून गल्लीत गेला. काळ असा, की रस्त्यावर लाल काही दिसलं की लोक आधी खिडक्या लावायचे, मग चौकशी करायचे. त्या दिवशी समोरच्या चार खिडक्या लागल्या.

पाऊण तासात पोलीस शिपाई आला. ओघळाच्या मागे मागे चालत मोटारीपर्यंत पोचला. खालून सबनीसांचे पाय दिसत होते. शिपाई लांबच थांबला नि म्हणाला, “एटा कार?”

बंगालीत याचा अर्थ, हे कुणाचं? सबनीसांना बंगाली आपल्यापेक्षा उत्तम येतं, पण डोकं गाडीखाली, मन गाडीत. आतून म्हणाले, “हो, कारच.”

“कार?”

“कार, कार. जुनी आहे.”

शिपायाने मग मलाच विचारलं. मी म्हटलं, तेल आहे. त्याने बोट बुडवून हुंगलं, टोपी काढून कपाळ पुसलं आणि पायरीवर बसून चहा मागितला. मिनोतीदींची आई मात्र त्या ओघळाशी वाटी घेऊन आली होती. तिला वाटलं बायका पायांना लावतात तो लाल आलता सांडलाय, सणाच्या तोंडावर वाया कशाला घालवायचा.

*

सण म्हणजे पूजा. आता खरी अडचण सांगते. आमच्या अंगणात दरवर्षी गल्लीतल्या क्लबचा दुर्गापूजेचा मंडप पडायचा. क्लबचे सेक्रेटरी घोषबाबू, धोतर हातात धरून चालणारे, बोलायला गोड. ते आले, ठोकळ्यांवर चढलेली मोटार बघितली आणि म्हणाले, “सबनीसदा, मंगळवारी बांबू येणार. मा येण्याआधी आपली गाडी जाईल ना?”

“जाईल.”

“नाही गेली तरी हरकत नाही. सिंह देवीला आहेच, गाडी आम्ही महिषासुराला देऊ.”

सगळे हसले. सबनीस हसले नाहीत. कारण बांबूंचा मंगळवार आधीच ठरलेला होता, आणि पॉवर गेली तेव्हापासून कुमुद म्हणत होती, त्या मंगळवारी मोटार फोडायला द्यायची. घोषबाबू आले त्याच दिवशी तिने मल्लिकबाजारातल्या जुन्या मोटारी फोडणाऱ्याला बोलावून घेतलं होतं. तो येऊन मोटारीभोवती एक फेरी मारून गेला. कसाई बोकडाला बघतो तसं बघितलं, एवढंच म्हणते. ठरलं असं, की मंगळवारी मोटार आपल्या चाकांनी बाहेर पडली तर सबनीसांची, नाहीतर त्या फोडणाऱ्याची.

सबनीस संध्याकाळी त्या मोटारीत बसून पेपर वाचायचे. स्टेअरिंगचं चाक नुसतं नावाला, खाली काही जोडलेलं नाही, तरी डावा हात त्यावर असायचा. जन्मभर ट्रामच्या दांडीला लोंबकळून शाळेत गेलेला माणूस. मी खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची. पूर्ण नाही, थोडा.

*

रॅक मिळाली. मल्लिकबाजारातच, त्याच माणसाकडे. पण ती चालवायचं चाक उजवीकडे असलेल्या गाडीची, आणि बिनपॉवरची. गोखले म्हणाले, “पालथी करून बसवू. उजव्याचं डावं होईल.” भूगोलाच्या मास्तरांना ते पटलं. पृथ्वीही कुठून बघावी त्यावर आहे, असं काहीसं म्हणाले.

गोखल्यांनी एका दिवसाची रजा काढली, आणि सोमवारी दुपारी रॅक बसली. ठोकळे काढले, मोटार जमिनीवर आली. आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात. सबनीसांनी इंजिन चालू केलं, चाक उजवीकडे फिरवलं, आणि मोटार डावीकडे जाऊन कुमुदच्या तुळशीचा डबा चेपून थांबली. डावीकडे फिरवलं, तर उजवीकडे निघाली. पालथं करताना उजव्याचं डावं झालंच होतं, फक्त जरा जास्तच झालं होतं.

गोखल्यांनी रुमालाने हात पुसले.

“आमच्याकडे असं झालं,” ते म्हणाले, “तर उलट दिशेच्या स्टेशनाचं तिकीट देतात.”

पुन्हा सोडवून बसवायला आणखी एक रविवार हवा होता. मध्ये मंगळवार होता.

*

मंगळवारी सकाळी फाटकाबाहेर बांबूंची हातगाडी उभी. तिच्या शेजारी मल्लिकबाजारचा माणूस, खांद्यावर दोर. आत सबनीस चाकाशी बसलेले, चेहरा असा की प्रश्नपत्रिका समोर आणि अभ्यास दुसऱ्याच विषयाचा. अंगणातून फाटकापर्यंत वाट अरुंद. आधी उजवीकडे वळायचं, मग पाण्याच्या टाकीला वळसा घालून डावीकडे. सबनीस चाकाला हात लावत, विचार करत, आणि हात काढून घेत. विचार केला की चुकत होतं.

कुमुद पोळ्या टाकून आली. पदराला हात पुसले, उजव्या बाजूचं दार उघडून शेजारी बसली.

“चला. मी सांगते.”

“तू सांगतेस तसं केलं तर भिंतीत जाऊ,” सबनीस म्हणाले. “गाडी उलटी झालीय.”

“गाडी काल झाली. तुम्ही लग्नापासून आहात. उजवीकडे घ्या.”

सबनीसांनी सवयीने डावीकडे घेतलं. मोटार सुरेख उजवीकडे वळली.

“आता डावीकडे.”

त्यांनी उजवीकडे घेतलं. टाकीला बोटभर अंतर ठेवून मोटार डावीकडे निघाली. वर जिन्यात मिनोतीदी, खाली मी, कुणी श्वास सोडला नाही.

“सरळ ठेवा. जरा उजवीकडे. फार नको.”

ती म्हणेल त्याच्या बरोबर विरुद्ध, न चुकता, न विचार करता. फाटकापाशी आल्यावर घोषबाबूंना राहवेना. धोतर सोडून दोन्ही हातांनी खुणा करत ओरडले, “बांये, सबनीसदा, बांये!”

बाहेरच्या माणसाचं सबनीस नेहमी ऐकत. त्यांनी बांये घेतलं, आणि मोटार उजवीकडे जाऊन बांबूंच्या हातगाडीला टेकली. एवढाच काय तो ओरखडा.

कुमुदने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “घोषबाबू, आपनी चुप कोरून.” मग आत वळून, “डावीकडे.” आणि मोटार फाटकातून बाहेर.

मल्लिकबाजारच्या माणसाने दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला नि गेला. मोटार मागच्या गल्लीत, सबनीसांच्या खिडकीखाली उभी राहिली. संध्याकाळी मिनोतीदी नळावर भेटल्या.

“बोलेछिलाम तो,” त्या म्हणाल्या, “मोंगोलबार गाडी जाबे.”

म्हणजे, मी म्हटलं नव्हतं का, मंगळवारी गाडी जाणार! म्हटलं, हो, गेली की. पॉवरही परत आली नाही. पण फोडायला जायची होती ना? मिनोतीदींनी नळ सोडला आणि माझं बोलणं ऐकू न आल्यासारखं केलं.

अंधार पडायला लागला तरी सबनीस मागच्या गल्लीत मोटारीत पेपर घेऊन बसलेले. वरची खिडकी उघडली.

“ऐकलंत का,” कुमुद म्हणाली, “पानं घेतलीत. जेवायला मुळीच येऊ नका.”

सबनीसांनी पेपरची घडी केली, मोटारीचं दार लावलं आणि जेवायला गेले.