गाडीखालच्या आक्का

आक्कांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख कायम काळं असायचं. हळदीकुंकवाला आल्या तरी त्या ते लपवत नसत. कुणी निरखून पाहिलंच तर म्हणायच्या, "गाडीनं तेल शे. निंघत नही." त्यांची बोली खानदेशची, माझी जालन्याकडची. पण परराज्यातल्या, नवागामच्या आमच्या गल्लीत राहून सगळ्यांना सगळ्यांचं कळायला लागलं होतं.

आक्का व्हॅन चालवायच्या. सकाळी आम्हा बायकांना पर्वत पाटियाला कामावर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. आम्ही सगळ्या साडीच्या कामातल्या. कुणी घड्या घालणारी, कुणी खडे चिकटवणारी, मी धागे कापणारी. गाडी मुळात त्यांच्या यजमानांची, दादांची. दादांचं एक अंग लुळं पडलं, तेव्हा त्यांनी खाटेवरून सांगितलं आणि आक्का शिकल्या. हौस म्हणून नाही. "दुसरं कोन चालवी?" एवढंच त्यांचं म्हणणं.

परतताना गाडीत कुणी बोलत नसे. दिवसभर मान खाली घालून काम केलेल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून झोपायच्या. मी पुढच्या सीटवर असायची, म्हणून मला आक्कांचा चेहरा दिसायचा. डोळे लाल, ओठ मिटलेले. सिग्नलला गाडी थांबली की त्या स्टिअरिंगवर कपाळ टेकायच्या आणि मागून हॉर्न वाजला की उठायच्या. मी म्हणायची, "आक्का, एक दिवस सुट्टी घ्या." त्या म्हणायच्या, "मी सुट्टी लिसू, पन ती खाट लेई का?"

एका उन्हाळ्यात गाडीच्या मागच्या बाजूनं घुंऽऽ असा आवाज यायला लागला. आक्का गॅरेजमध्ये गेल्या. तिथला माणूस खाली वाकला, उठला आणि म्हणाला, "तेल जोई लीधुं, बेन. बराबर छे." तेल पाहिलं, ठीक आहे, एवढंच. चारच दिवसांत दिंडोलीकडच्या पुलावर कडकड आवाज झाला आणि मागची चाकं जागीच धरली. मागून येणारा ट्रक कसाबसा बाजूनं निघाला. आमच्यात सुशीला होती, तिला सातवा महिना. ती पोट धरून कठड्याशी बसली. आक्कांनी तिला पाणी पाजलं, रिक्षा थांबवून घरी पाठवलं. मग स्वतः रस्त्यावरच फतकल मारून बसल्या. रडल्या नाहीत. पण कितीतरी वेळ उठल्याही नाहीत.

दोन मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडाचा एक गोल डबा असतो. मिस्तरी त्याला हौसिंग म्हणतात. इंजिनाचा जोर त्यातल्या दात्यांमधून चाकांना मिळतो आणि ते दाते तेलात फिरतात. तो डबा जवळजवळ कोरडा निघाला. गॅरेजमधल्या त्या माणसानं तेल पाहायचा बोल्ट उघडलाच नव्हता. आक्का त्याच्याशी भांडायला गेल्या नाहीत. "भांडाले बी ताकद लागस," म्हणाल्या.

त्यानंतर मात्र दर रविवारी त्या स्वतः गाडीखाली जायला लागल्या. एक फेरी मारून तेल कोमट करायचं, मग गाडी गल्लीमागच्या सपाट जागेत लावायची. गाडी तिरकी असली तर तेल खोटं बोलतं, असं त्या म्हणायच्या. चाकांना विटा लावायच्या, गोणपाट अंथरून उताणं सरकायचं. डब्याच्या बाजूचा बोल्ट सोडून भोकात बोट घालायचं. तेल काठाला लागलं तर ठीक. खाली गेलेलं असलं तर पिचकारीनं भरत राहायचं, ते काठावरून ओघळेपर्यंत. ओघळणं थांबलं की बोल्ट पुसून घट्ट करायचा. त्या तेलाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. रविवारी दुपारी आक्का शेजारून गेल्या की कळायचं, तेल पाहून झालं.

एकदा मी त्यांना भाजी द्यायला गेले. गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. "आक्का?" पुन्हा हाक मारली. वाकून पाहिलं तर आक्का गाढ झोपल्या होत्या. हातात पिचकारी, तोंड थोडं उघडं, तेल ओघळून ब्लाउजच्या बाहीत मुरलेलं. मी हलवल्यावर दचकून उठल्या.

"तेल भरी गये का?" त्यांनी विचारलं.

"भरलं. बाहेर आलंय सगळं."

"मंग जरा पडू दे, बाई. आठे कोनी हाका मारत नही."

मी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन तिथेच चाकाला टेकून बसले. गल्लीतून कुणी आक्कांना विचारत आलं की म्हणायची, "काम चाललंय, नंतर या."

पुढच्या हिवाळ्यात दादा गेले. सगळ्या म्हणाल्या, बाई सुटली, आता जरा विसावेल. तेरावं झालं आणि आक्का गाडी घेऊन नाक्यावर हजर झाल्या. पण आता सिग्नलला मागून दोन-तीन हॉर्न वाजल्याशिवाय त्या स्टिअरिंगवरून कपाळ उचलत नसत. एका संध्याकाळी आम्हाला उतरवून त्या गाडीतच बसून राहिल्या. मी परत फिरले. "काय झालं, आक्का?"

"थकी गऊ मी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "त्या खाटवर व्हतात तवलोंग थकता येत नव्हतं."

गाडी भेस्तानच्या एका ड्रायव्हरनं घेतली. नंदुरबारजवळ आक्कांची बहीण राहते, तिच्याकडे जायचं ठरलं. मी उधना स्टेशनवर पोचवायला गेले. सामान म्हणजे एक बॅग आणि दादांचा फोटो.

"तिकडे करमेल का तुम्हाला?" मी खिडकीतून विचारलं.

त्यांनी माझा हात धरला. "करमो नाहीतर न करमो. आते कोनले नेनं नही, कोनले आननं नही." आगगाडी हलली तरी हात सोडला नाही. शेवटी मीच सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्या नाक्यावर उभ्या होतो. नवा ड्रायव्हर वेळेवर आला. हळू चालवत होता, खड्डे चुकवत होता. सुशीला म्हणाली, "बरा आहे गं हा."

"बरा आहे," मी म्हणाले.

संध्याकाळी परतताना मात्र सगळ्यांचे कान मागच्या चाकांकडे होते. झोपलं कुणीच नाही.