मागून मोकळा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाईकाला मोटर विकायला नकार देत होते. दर्यापूरकडचा माणूस होता. बोअरचं पाणी खाली गेलेलं आणि त्याला वाटत होतं, पाच हॉर्सपॉवरच्या जागी साडेसातची मोटर टाकली की पाणी वर येईल. अमरावतीत आमचं पंप-पाइपचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक कोणीही असो, मी एकच सांगते. आधी विहीर बघा, मग मोटर. पाणीच नसेल तर मोटर मोठी घेऊन काय उपयोग? तेच सांगत असताना वहिनी फोनवर म्हणाली, "शोभाताई, हे गेले." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार... हा फोन येणार हे आम्हाला सगळ्यांना माहीतच होतं. शटर ओढलं आणि अकोल्याची गाडी धरली.

घरात शेजारच्या बायका बसल्या होत्या. एकीने वहिनीचा हात धरला होता आणि ती प्रत्येक नव्याने येणाऱ्याला सांगत होती की सुनंदाबाईंनी शेवटपर्यंत नवऱ्याले आजार कळू देला नाई, केवढं मोठं काळीज. येणारी मान हलवायची आणि म्हणायची, बरं केलं, सुखानं गेले. तेरवीपर्यंत हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं की ते त्या घरातल्या उदबत्तीच्या वासासारखं झालं. ते खरं नाही. खरं नाही हे मला आता कळलंय, म्हणून हा लेख.

माझा मोठा भाऊ अरविंद, आम्हा सगळ्यांचा दादा, माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झाला. नोकरीत त्याने कोणाशी भांडण केलं नाही, बढतीसाठी कोणाच्या दारात उभा राहिला नाही, घरात कधी आवाज चढवला नाही. त्याचा सगळा हट्ट एका टेबलावर होता. हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीला लागून, घराकडे पाठ करून ठेवलेलं टेबल. त्यावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरशेजारी डबे. आधी तो हेडफोन सरळ कॉम्प्युटरला लावायचा. त्यात आतली घरघर ऐकू येते म्हणून साबणाच्या वडीएवढा एक डबा आला. त्याला डॅक म्हणतात. कॉम्प्युटरमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, हा डबा त्या आकड्यांचा आवाज करतो. मग हेडफोन भारी आला, तर डब्याची ताकद त्याला पुरेना. म्हणून अँप्लिफायर. अँप्लिफायर चांगला आला तेव्हा डॅक कमी पडायला लागला. मग दुसरा डॅक... माझ्या लेखी हे सगळं एकाच रंगाच्या डब्यांचं कुटुंब होतं आणि ते वाढत होतं.

मला समजावं म्हणून तो माझ्याच धंद्याच्या भाषेत सांगायचा. "हेडफोन म्हणजे विहीर समज. हा तीनशे ओहमचा हाय, लय खोल. साधी मोटर पाणी उचलतच नाई." मी म्हणायचे, मग उथळ विहिरीचा घ्यायचा होता. तो हसायचा. प्रत्येक नवा डबा घेण्याआधी तो मला फोन करायचा, दोन-तीन नावं सांगायचा, काय घेऊ विचारायचा. मी म्हणायचे, "कायले पायजे? जुन्याले काय झालं?" मग तो घ्यायचा. माझा नकार हा त्याच्या खरेदीतला एक टप्पाच होता. डबा आला की त्याला कात्री सापडेपर्यंत दम नसायचा, दातांनी टेप तोडायचा. मग एका जुन्या ठुमरीचं तेच ते रेकॉर्डिंग लावायचा आणि पेटीच्या भात्यातून हवा निघते ती ऐकू येते की नाही ते बघायचा. आली तर डबा पास.

शेवटचा हेडफोन आला तेव्हा त्याने तो मला उलटा करून दाखवला होता. कानावरच्या वाट्यांना मागच्या बाजूला चक्क जाळी होती. "हा मागून मोकळा हाय. म्हून आवाज डोक्यात कोंडत नाई." मला ती विकणाऱ्याची बडबड वाटली. आमच्या दृष्टीने त्या जाळीचा परिणाम एवढाच की तो गाणं ऐकत असला की बाजूने बारीक कुरकुर बाहेर यायची, डब्यात अडकलेल्या किड्यासारखी. वहिनीला त्या कुरकुरीचा फार राग. त्याहून जास्त राग याचा, की हेडफोन कानाला लागला की नवरा घरातून गेला. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, कोथिंबीर आणून द्या. उत्तर नाही. सिलिंडरवाला आलाय. उत्तर नाही. शेवटी येऊन खांद्यावर टकटक केलं की हा एक बाजू उचलून अगदी निरागस चेहऱ्याने विचारायचा, "काय म्हणाली?" असं वर्षानुवर्षं चाललं. यायच्या कानात बोळे असतेत, असं वहिनी सगळ्या नातेवाइकांत सांगायची, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. नागपूरला तपासण्या केल्या, स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, पसरलेला. डॉक्टरांनी कावीळ उतरावी म्हणून आत एक नळी टाकली आणि बाकी काही करण्यासारखं नाही असं वहिनीला आणि निखिलला, म्हणजे त्यांच्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं. काही महिने, म्हणाले. दादाला सांगितलं की पित्ताच्या नळीत खडा होता, काढला.

मी अकोल्याला गेले ती दुपार मला नीट आठवते. जेवणं झाली होती. दादा टेबलाशी बसला होता, हेडफोन लावून, आमच्याकडे पाठ. निखिलचा पुण्याहून फोन आला आणि वहिनीने तो स्पीकरवर टाकला. मी म्हटलं, आपण गॅलरीत जाऊन बोलू. वहिनी म्हणाली, "बसा इथंच. यायले काय ऐकू येते?" मग आम्ही त्याच्या पाठीमागे, पंख्याखाली, साध्या आवाजात बोललो. डॉक्टर काय म्हणाले, शेवटी शेवटी काय काय होईल, दवाखान्यात ठेवायचं की घरी. मी म्हटलं, "त्याले सांगा. लेकरू हाय का तो? त्याले कोणाले भेटाचं असन, काई बोलाचं असन." निखिल म्हणाला, "आत्या, सांगून त्यांना काय मिळणार आहे?" वहिनी म्हणाली, "कळलं तं हाय खातील, आठ दिवस नाई काढणार." मी बरीच हुज्जत घातली. मग वहिनी रडायला लागली आणि मी म्हटलं, ठीक हाय, तुमी म्हणता तसं. नवऱ्याबाबतचा निर्णय बायकोचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. दादा खिडकीबाहेर बघत बसला होता. थोड्या वेळाने त्याने हेडफोन काढला, मान वळवली आणि चहा मिळेल का, असं विचारलं.

त्याच आठवड्यात त्याने नवा डबा घ्यायचं काढलं. निखिल महिन्यातून एकदा फोन करायचा तो आता रोज करायला लागला, आणि बाप-लेक तासतासभर बोलायचे. डॅक आणि अँप्लिफायर एकाच डब्यात असलेला घ्यावा की वेगवेगळे, जुना अँप्लिफायर ठेवून नुसता डॅक बदलला तर फरक कानाला कळेल की फक्त मापाच्या यंत्राला कळेल. आयुष्यात ते दोघं एकमेकांशी इतकं बोलले नव्हते. बोलले ते डब्यांबद्दल. वहिनीला बरं वाटायचं की यायचं मन रमलं. मी पुढच्या खेपेला गेले तेव्हा तो बराच उतरला होता, गळ्याखालची हाडं दिसत होती. पडद्यावर दोन डब्यांचे फोटो लावून ठेवले होते. मला शेजारी बसवलं. वहिनी चहा घेऊन उभी होती.

तो म्हणाला, "शोभे, तू गिऱ्हाईकाले काय सांगतं? आधी विहीर पाहा म्हणतं नं? मंग सांग. पाणी हाय का विहिरीत?"

मला वाटलं हेडफोनबद्दल बोलतोय. खरं म्हणजे मला काय वाटलं ते आता नक्की सांगता येत नाही. वहिनी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हाये. घे तू. चांगला मोठा घे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू कधीपासून घे म्हणायले लागली वं?" आणि हसला. "बरं. तू म्हणतं तं घेतो."

डबा आला. तो त्याने उघडला नाही. वहिनी कात्री घेऊन आली तर म्हणाला, राहू दे, सील फोडलं की परत घेत नाई ते लोक. आम्हाला वाटलं, अंगात त्राण नाही, उद्या उघडेल. तो डबा टेबलाखाली तसाच आहे. जुन्यावरच तो ऐकत राहिला, बसता येत होतं तोवर.

तेरवीनंतर काही आठवड्यांनी मी आवराआवर करायला गेले. निखिल म्हणाला होता की जुने डबे आणि हेडफोन इंटरनेटवर कोणीही घेईल, फक्त दोन्ही बाजू चालू आहेत का ते बघ. मी दादाच्या खुर्चीत बसले, अँप्लिफायरचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. हेडफोन कानाला लावला आणि गाणं कुठून लावायचं ते शोधत होते. वहिनी स्वयंपाकघरात तिच्या बार्शीटाकळीच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "नाई वो, शेवटपर्यंत नाई कळू देलं त्यायले. सुखानं गेले..." पातेल्यात पळी फिरत होती, तीही ऐकू येत होती. मी हेडफोन काढला. तेवढाच आवाज. पुन्हा लावला. तेवढाच.

मग मला आठवलं, त्या दुपारी कुरकुर येत नव्हती. आम्ही बोलत होतो तितका वेळ त्या जाळीतून एक सूरही बाहेर आला नव्हता. कोथिंबीर टाळायला त्याने वर्षानुवर्षं पोसलेलं सोंग होतं ते, आणि त्या सोंगात बसून त्याने आमचं सगळं ऐकलं. शेवटी काय काय होणार तेही. मी त्याच्यासाठी भांडले तेही, आणि ठीक हाय म्हटलं तेही.

लोक अशा लेखात माफी मागतात. मी मागणार नाही, कारण मला आजही त्याचाच राग जास्त येतो. त्याची खुर्ची फिरती होती. नुसतं वळायचं होतं. वळला असता तर आम्ही चौघं रडलो असतो, आणि मग बोललो असतो, डब्यांशिवाय दुसरं काहीतरी. त्याने मला विचारलं, तेही विहिरीच्या आडून, आणि वहिनीसमोर. एकटीला गाठून सरळ विचारलं असतं तर मी खोटं बोलले नसते, असं मला वाटतं. त्याला माझी परीक्षा घ्यायची होती की मला त्या खोट्यातून सोडवायचं होतं, कोण जाणे... उत्तर द्यायला तो नाही.

वहिनीचा फोन झाल्यावर मी तिला हॉलमध्ये बोलावलं, त्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. काय करून राहिल्या शोभाताई, म्हणत ती बसली. मी स्वयंपाकघरात गेले आणि साध्या आवाजात म्हटलं, "वहिनी, वरणात मीठ कमी हाय."

"टाकलं नं मी आत्ताच," ती म्हणाली. मी बाहेर आले तेव्हा ती हेडफोन न काढता बसली होती, दोन्ही हात मांडीवर, खिडकीकडे तोंड. समजावायचं काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मंग बोलले काहून नाई?" आणि मग, तशीच, हळू आवाजात, "निखिलले नका सांगू. त्याले सहन नाई होणार."

मी हो म्हटलं नाही. निखिल या पेपरची ही पुरवणी मोबाइलवर वाचतो.

हेडफोन विकला नाही. तो टेबलावर आहे, वहिनी रोज त्याच्यावरची धूळ पुसते. मागच्या आठवड्यात मी गेले तर बार्शीटाकळीचा फोन आला. वहिनीने उचलण्याआधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. मी अजून पायरीवर चपला काढत होते. हॉलमध्ये दादाच्या रिकाम्या खुर्चीशिवाय कोणीही नव्हतं.