मदन मंडळाचा टेम्पो

लोक आम्हाला जुने कपडे देतात आणि वर एकेक किस्सा फुकट देतात. कपडे वाटून संपतात यार, किस्से नाही!

सुरुवात मुलुंडला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. कोकणात पूर आला तेव्हा तळमजल्यावरचे सावंतकाका म्हणाले, "व्हॉट्सॲपवर हात काय जोडताय? टेम्पो बोलवा!" नाव ठरलं 'मदत मंडळ'. फ्लेक्सवाल्याने घाईत छापलं 'मदन मंडळ'! दुसरा छापायला वेळ कुणाला? तसाच बांधून निघालो. वाटेत जिथे थांबू तिथे चहावाला विचारणार, "हे मदनशेठ कुठल्या पक्षाचे?"

काका शांतपणे सांगायचे, "अजून ठरलं नाही!"

*

त्याच फेरीत एका गावात काकांनी मालवणीत भाषण सुरू केलं. धीर धरा, आम्ही पाठीशी आहोत, वगैरे. गुडघाभर चिखलातून एक आजी ओरडली, "भाषण नको माका! खराटो हाडलास काय?"

टेम्पोभर चादरी, खराटा एक नाही. वाट लागली! तेव्हापासून आमच्या टेम्पोत आधी खराटे आणि फावडी चढतात. भाषण काकांनी मुलुंडलाच संपवून निघायचं.

*

मंडळ वाढलं, घाटकोपरला गाळा मिळाला. कपडे निवडायचं काम नंदा कांबळेकडे आलं. ती शाळेत शिक्षिका, त्यामुळे समोरचा कुणीही असो, तिला विद्यार्थीच वाटतो. एक बाई गाडीतून उतरल्या आणि भोकं पडलेलं ब्लँकेट पुढे केलं. "गरिबांना चालेल ना?"

"चालेल की. आज तुम्ही पांघरून बघा. थंडी थांबली तर उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी बाई कोरं ब्लँकेट घेऊन आल्या. पण नंदाकडे नाही दिलं, लांबूनच माझ्या हातात कोंबलं!

*

मग एका कंपनीने धान्य दिलं. माहुलला वाटप, सोबत त्यांचा फोटोग्राफर. एका मावशींना म्हणतो, "जरा दुःखी चेहरा करा ना."

मावशींनी पिशवी काखेत घट्ट धरली. "आधी सांगायचंस ना रे! पिशवी मिळायच्या आधी काढला असतास तर झकास आला असता."

*

मालाडला आग लागली तेव्हा आम्ही सकाळीच पोचलो. माणसं सगळी वाचली होती, घरं एकही नाही. शाळेच्या पटांगणात भांडी वाटत होतो. एक रिक्षावाला रांगेत पुढे आला.

नंदाने विचारलं, "दादा, घरातलं काय वाचलं?"

त्याने हातातला टीव्हीचा रिमोट दाखवला. "मॅच बघत होतो. धूर आला, पोरीला उचललं आणि पळालो. बाहेर येऊन बघतो तर हा हातातच."

हसावं की नाही, कुणालाच कळेना. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. आग लागल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती, शेजारणींनी दिलेलं पाणीही तिने घेतलं नव्हतं. ती उठली, आली, नवऱ्यासमोर हात पसरला.

"घर जळलं ना? आता तरी दे तो माझ्याकडे!"

त्याने दिला. तिने तो पदराने नीट पुसला. मग नंदाकडे पाणी मागितलं.