आबांच्या नावावरचं नेट

तुंगार्लीत तळ्याच्या वरच्या अंगाला एक बंगला आहे. तिथे मी बरेच महिने नाश्ता आणि दुपारचं जेवण पोचवत होते. माझा धंदाच तो. लोणावळ्यात बंगल्यांवर उतरणाऱ्यांना घरचं जेवण हवं असतं, आणि आमच्या मोहल्ल्यातून स्कूटरवर डबे नेऊन देणाऱ्या आम्ही दोघी-तिघी आहोत. मिस्टर टुरिस्ट गाडी चालवतात.

बाकीची गिऱ्हाइकं शनिवार-रविवारची, हे मात्र सोमवार ते शुक्रवारचं. मुंबईच्या मालकाने बंगला कुठल्याशा कंपनीला भाड्याने दिला होता. आत विशीतली मुलं-मुली, कुठून कुठून आलेली, आपसात हिंदी बोलणारी. पहाटेच कामाला बसायची आणि दुपारी मी आणलेलं जेवून झालं की झोपायची. "ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो आम्ही, फोनवरून," असं मॅनेजरने मला सांगितलं होतं. "तिकडे दिवस लवकर उगवतो." माणूस अगदी अदबीचा. हॉलच्या खिडक्यांना आतून गाद्या उभ्या केल्या होत्या. फोनच्या कामाला शांतता लागते, म्हणाला. मला पटलं.

डबे मी फाटकाशी द्यायचे आणि बंगला राखणारे आबा ते आत न्यायचे. आबा जवळच्याच बेडसे गावचे. शेती मुलांच्या हाती देऊन इथे बाग बघत होते. दिवाळीनंतर एकदा ते भावकीतल्या कुणाच्या दहाव्याला गावी गेले, म्हणून पोह्यांचं पातेलं घेऊन मीच आत गेले.

हॉलमध्ये ओळीने टेबलं आणि प्रत्येकासमोर लॅपटॉप. दाराजवळच्या मुलाच्या हेडफोनची वायर खराब असावी, कारण त्याचा फोन स्पीकरवर होता. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येत होता. ती रडत होती. मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, सगळं कळत होतं. नवरा दवाखान्यात आहे, घरात मी एकटी आहे, माझ्याकडून काय चूक झाली ते तरी सांगा, असं ती म्हणत होती. हा मुलगा तिला जड आवाजात सांगत होता, की तुमचा कॉम्प्युटर गुन्हेगारांनी ताब्यात घेतलाय, तुमच्या नावाने घाणेरडे व्यवहार झालेत, फोन ठेवलात तर पोलीस दारात येतील. कुणाशी बोलू नका. मुलाशीही नाही.

मग त्याने म्यूटचं बटण दाबलं, पोह्यांचा घास घेतला आणि माझ्याकडे बघून हसला. "मौसी, नींबू है क्या?"

मी लिंबू दिलं. त्याने ते पिळलं, बटण परत दाबलं आणि पुन्हा त्याच जड आवाजात बोलू लागला. मी पातेलं तिथेच ठेवून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी आबा परतले. त्यांना फाटकाबाहेर घेऊन मी ऐकलेलं सगळं सांगितलं. ते तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मग म्हणाले, "ताई, ती नेटची वायर माज्या नावावर हाय."

"तुमच्या? ती कशी?"

"म्यानेजर म्हनला, मालक हितं न्हाई, तुमच्या आधारवर घेऊ. यंत्रावर आंगटा घेतला. म्या म्हनलं, घ्या. मला काय ठावं?" त्यांचा चेहरा उतरला होता. "आता मला धरत्याल का हो?"

त्या म्हाताऱ्या बाईसाठी जीव तुटत होताच. इतका वेळ मी जे बघत होते ते दूरच्या कुणाचं होतं. आता ते फाटकापर्यंत आलं.

घरी मिस्टरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. "तू यात पडू नकोस," ते म्हणाले. "तिथे रोज जाणारी तू. उद्या पेपरात बातमी आली, तर त्यात सगळ्यात आधी कुणाचं नाव छापतील? आपलं मुसलमानी नाव वाचल्यावर पुढचं कोण वाचतं?" ते चिडलेले नव्हते, घाबरले होते. मुलीचं कॉलेज चालू होतं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तरी मी सायबर मदतीच्या क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "तुमची फसवणूक कधी झाली?" माझी नाही, म्हटलं. "मग कुणाची?" ऑस्ट्रेलियातल्या एका बाईची, नाव माहीत नाही. ती गोंधळली, पण तिने माझं सगळं लिहून घेतलं आणि प्रत्यक्ष पोलिसांकडे जा म्हणाली. आबांनी आणि मी एकत्र जायचं ठरवलं. मिस्टरांनीच गाडी काढली. पोलीस ठाण्याच्या दारातही ते थांबले नाहीत, आमच्याबरोबर आत आले.

ठाण्यातून आम्हाला पुण्याला, सायबरचं काम बघणाऱ्या एका महिला अधिकाऱ्याकडे पाठवलं. मॅडमनी आबांचं नाव विचारलं. ते सांगताच त्यांनी मान वर करून आबांकडे नीट पाहिलं, आणि शेजारच्या माणसाला म्हणाल्या, "हेच ते."

आबांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं.

"घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "पण खरं सांगते. तुम्ही आला नसतात तर या आठवड्यात आम्ही तुम्हाला उचलायला येणार होतो."

त्या खोलीत बसलेला एक जण इंटरनेट कंपनीचा होता. दुसरा एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा, बंगल्यातली मुलं जिचं नाव सांगून लोकांना घाबरवत होती तिचा. समोरच्या स्क्रीनवर ऑस्ट्रेलियाचा एक पोलीस अधिकारी होता, डोळ्यांखाली काळं आलेला. मॅडमनी समजावलं. तिकडच्या पोलिसांकडे फसलेल्या म्हाताऱ्यांच्या तक्रारी होत्या, पण फोन कुठून येतात ते कळत नव्हतं. लोकांच्या स्क्रीनवर उगवणाऱ्या खोट्या सूचनांचा माग सॉफ्टवेअर कंपनीने भारतापर्यंत काढला होता, पण दार ठोठावायचा अधिकार तिला नव्हता. तो आमच्या पोलिसांना आहे, पण एका देशाचे कागद दुसऱ्या देशात कायद्याने पोचायला महिने जातात. म्हणून आता सगळे रोज एकमेकांशी बोलत होते. आणि त्या सगळ्या बोलण्यातून शेवटी इंटरनेट कंपनीच्या नोंदीत जे एक नाव निघालं होतं, ते बेडशाच्या या म्हाताऱ्याचं.

"चार दिवस नेहमीसारखे डबे द्याल?" मॅडमनी विचारलं. "हेरगिरी करायची नाही, काही विचारायचं नाही. डबे अचानक बंद झाले तर त्यांना संशय येईल आणि ते सगळं पुसून पळतील. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं काहीतरी बघेन."

मी हो म्हटलं.

त्या दिवसांत मी जे शिजवलं त्याची चव मला आठवत नाही. एकदा उपम्यात मीठ दोनदा पडलं. मॅनेजर स्वतः फाटकाशी आला. "मौसी, तबियत ठीक नाही का? मीठ जास्त होतं आज." मग तसंच हसत विचारलं, "मुलगी कोणत्या कॉलेजला आहे तुमची?" कदाचित त्याने सहजच विचारलं असेल. मी आजही नक्की सांगू शकत नाही. त्या संध्याकाळी मी मुलीला बहिणीकडे तळेगावला पाठवून दिलं. आबा तर जेवेनासेच झाले. तरी फाटक रोज त्याच वेळी उघडत राहिले.

ज्या सकाळी पोलीस आले, त्या सकाळी बंगल्यापुढे एक टेम्पो ट्रॅव्हलर उभी होती. उतरलेल्यांच्या डोक्याला टोप्या, गळ्यात कॅमेरे, हातात चिक्कीची पाकिटं. लोणावळ्यात अशा गाडीकडे कोण बघतं? मी डबे घेऊन पोचले, आबांनी फाटक उघडलं, आणि ते सगळे टुरिस्ट माझ्या बाजूने धावत आत गेले. एकीने मला हाताला धरून भिंतीशी उभं केलं. आत खुर्च्या पडल्याचा आवाज, "हात वर, कीबोर्डला हात लावू नका" असं ओरडणं, एका मुलीचं मोठ्याने रडणं. ती माझ्या मुलीएवढीच होती.

थोड्या वेळाने मॅडमनी पंच म्हणून आलेल्या दोघांना आत बोलावलं. दार उघडं राहिलं आणि मला आतलं दिसलं. दाराजवळच्या लॅपटॉपवर फोन अजून चालूच होता. पलीकडचे एक म्हातारे गृहस्थ टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून "हॅलो, हॅलो" करत होते. मॅडमनी हेडफोन कानाला लावला आणि इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "सर, मी भारतातली पोलीस अधिकारी आहे. तुम्ही सुरक्षित आहात. आता कुणालाही काही देऊ नका."

पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मॅडमचा चेहरा तेवढा बदलला. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणखी हळू आवाजात. मग हेडफोन काढून ठेवला. "त्यांना मीही या टोळीतलीच वाटले," त्या म्हणाल्या. त्या सकाळभर जो कुणी त्या माणसाशी बोलला होता, त्याने आपण पोलीसच बोलतोय असं सांगितलं असणार. मॅडमनी ऑस्ट्रेलियाच्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि तासाभरात तिकडच्या ठाण्यातला गणवेशातला माणूस त्या गृहस्थांच्या दाराशी गेला. दार मात्र त्यांनी बराच वेळ उघडलं नाही, असं मॅडमनी नंतर सांगितलं.

मॅनेजर आणि मोठी माणसं तुरुंगात गेली. बरीचशी मुलं जामिनावर सुटली. ज्याच्या सांगण्यावरून हे सगळं चालत होतं तो तिसऱ्याच एका देशात आहे. "तिथून उत्तर येत नाही," एवढंच मॅडम म्हणतात. आबांना आरोपी केलं नाही, साक्षीदार केलं. पण कनेक्शन त्यांच्या नावाचं होतं हे कागदावरून पुसलं जात नाही, ते तसंच राहणार.

मी बंगल्यांचे डबे बंद केले. आता तळेगावजवळच्या नवलाख उंबरे गावातल्या कारखान्याच्या कामगारांना जेवण देते. ते फाटकाशी येऊन घेऊन जातात, मला आत जावं लागत नाही.

मागच्या महिन्यात आबांना भेटायला बेडशाला गेले. मुलांनी त्यांचा फोन काढून घेतलाय, कारण तो वाजला की ते बाहेर पळायचे. ओसरीवर चहा घेताना त्यांनी विचारलं, "ताई, तितं त्या ऑस्ट्रेलियाच्या पोलिसाकडं माजं नाव आजून आसंल?"

"असेल."

"त्या कंपनीकडं?"

"त्यांच्याकडेही असेल, आबा. पण तुम्ही काही केलं नाही, हेही त्यांच्याकडे लिहिलेलं आहे."

"ते समद्यांनी वाचलं आसंल का?"

मला ते माहीत नव्हतं. हो म्हणावं असं फार वाटत होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, मॅडमना विचारून सांगते.