फिलू मिसचा गृहपाठ

फिलू मिसपुढं कुणाचं कौतुक केलं की त्या लगेच विचारत, "कशात?" इंग्रजीच्या क्लासला पहिल्याच दिवशी मी त्यात सापडले. ओळख करून देताना पाठ केलेलं वाक्य म्हटलं, माझा भाऊ आयडियल माणूस आहे. मिसनी चष्म्यावरून पाहिलं. "कशात गो? जेवायला बसण्यात, का ताट उचलण्यात?" सगळा वर्ग हसला. माझा भाऊ ताट उचलत नाही हे त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

मरोळच्या गावठाणात त्यांचं जुनं कौलारू घर होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या शनिवारी दुपारी ओटीवर आम्हा बायकांना इंग्रजी शिकवत. मी साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. मला बालवाडीत नोकरी हवी होती आणि तिथली मुलाखत इंग्रजीत व्हायची. घरी सासूबाईंना हे पसंत नव्हतं. त्या जालन्याकडच्या, मुळात अबोल. "पोराला कोण बघणार?" एवढंच म्हणत आणि आमचं बोलणं तिथंच संपे. तोवर शेजारीण पोराला बघायची, पण ती आता गावी निघाली होती. म्हणजे क्लास बंद, नोकरीचं स्वप्नही बंद.

नेमक्या त्याच आठवड्यात मिसनी फळ्यावर शब्द लिहिले. आयडियल, बेंचमार्क, पॅरागॉन, मॉडेल.

"आयडियल मनात असतो. रस्त्यात भेटला तर लांबूनच बघा. बेंचमार्क म्हणजे ज्याच्या बाजूला उभं राहिल्यावर आपली उंची कळते. पॅरागॉन म्हणजे सगळ्या गुणांचा पुतळा, लग्नाच्या भाषणात वापरतात, तिथंच राहू दे त्याला."

"आणि मॉडेल, मिस?"

"ज्याचं बघून आपल्याला तसं करता येतं, तो. पण अख्खा माणूस उचलू नका, झेपत नाही. एक गोष्ट उचला."

मग गृहपाठ. फोटोतली मोठी माणसं चालणार नाहीत, रीलमधली तर नाहीच नाही. चालत जाऊन भेटता येईल असं माणूस शोधायचं, त्याची एकच गोष्ट निवडायची आणि ती त्याला तोंडावर सांगायची. इंग्रजी वाक्य त्यानंतर. आम्ही सगळ्याच गडबडलो. "ज्याला सांगायला जीभ वळत नाही ना, त्याच्याकडेच जा," मिस म्हणाल्या.

माझी जीभ कुणापुढं वळत नव्हती हे मला चांगलंच ठाऊक होतं. सासूबाईंची एक गोष्ट मी लग्नापासून बघत आले होते. आमच्या चाळीत चार बायका बसल्या की जी उठून जाईल तिची उणीदुणी निघत. सासूबाई मात्र खाली मान घालून तांदूळ निवडत राहत, गेलेल्या माणसाबद्दल चकार शब्द काढत नसत. म्हणजे माझ्या माघारी त्या माझ्याबद्दलही बोलत नसणार. हे लक्षात आलं आणि मला एकदम भरून आलं.

चपात्या लाटता लाटता मी सांगून टाकलं. "आई, माणूस उठून गेल्यावर तुम्ही त्याच्याबद्दल कधी बोलत नाही. मला ते तुमच्याकडून शिकायचंय."

त्यांनी तव्यावरची करपायला लागलेली चपाती उलटली. मग म्हणाल्या, "हे कोनं शिकवलं तुला?"

"क्लासच्या मिसनी."

"इंग्रजीच्या? अन् मराठीत सांगायला लावलं?" आणि त्या हसल्या.

पुढच्या शनिवारी मी काही विचारायच्या आत त्यांनी पोराला कडेवर घेतलं. "जा तू. उशीर होतोय." संध्याकाळी परतले तर आज काय शिकलीस म्हणून विचारलं. हळूहळू त्या गावच्या गोष्टी सांगू लागल्या, मी कारखान्यातल्या. मुलाखतीत रोल मॉडेल कोण, असं विचारलं तेव्हा मी सासूबाईंचं नाव घेतलं आणि कशात तेही सांगितलं. इंग्रजी अडखळतच होतं, पण नोकरी लागली. आजही मी त्याच बालवाडीत आहे. फिलू मिसचे उपकार मी कशानंही फेडू शकणार नाही, आणि खरं सांगायचं तर मला फेडायचेही नाहीत.

यंदा मिस गेल्या. निरोप आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मीबी येते." त्यांनी मिसना एकदाही पाहिलं नव्हतं. घरात प्रार्थना चालली होती, गावठाणातली माणसं दारापर्यंत उभी होती. सासूबाईंनी शवपेटीपुढं हात जोडले आणि सरळ मिसच्या मुलीकडं गेल्या. त्या काय बोलणार, मला काही कळेना. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुझ्या आईमुळं माझी सून माझ्याशी बोलू लागली."