दुपारच्या झोपेतले दागिने

आमच्या शांभवीचे दागिने चेन्नईला जातात, बेंगळुरूला जातात, एक तर सिंगापूरलाही गेला. पण आमच्या घरी दुपारची झोप झाल्याशिवाय त्यातला एकही तंजावूरबाहेर पडलेला नाही. हसू नका! लोक दागिना तराजूत घालतात, भिंगाखाली धरतात. माझी भाची तो माझ्या गळ्यात घालते आणि म्हणते, "आत्या, झोप आता."

आणि झोपण्यात माझा हात धरणारं आमच्या या मेल वीधी रस्त्यावर कोणी नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्नबिग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिले. दुपारी रसमभात झाला, लाल गुळगुळीत जमिनीवर कोरै गवताची चटई पसरली की ही सरोजा गेलीच म्हणून समजा. शांभवीचं म्हणणं असं, की ज्या दागिन्यात बाईला निवांत झोप लागते तोच खरा दागिना. मी डोळे उघडले की ती उशाशी बसलेली असते. "काय स्वप्न पडलं?"

एकदा चांदीची रुंद हसळी घालून झोपले, तर स्वप्नात मी देवळातली हत्तीण! पायातली साखळी सोडायला कोणी तयार नाही. शांभवीनं मुकाट्यानं ती हसळी वितळवायला दिली. मग हिरव्या मण्यांची बारीक सर आली. तिच्यात मी भाताच्या रोपांच्या शेंड्यांवरून चालत होते, थेट कालव्यापर्यंत, आणि पाणी मला नावानं हाक मारत होतं. त्या सरीला अजून सगळ्यांत जास्त मागणी आहे.

शांभवीची बारावी झाली तेव्हा सगळे म्हणत होते, इंजिनीअर हो. ही चेन्नईला जाऊन दागिन्यांचं डिझाइन शिकली. मग बेंगळुरूच्या एका मोठ्या पेढीत संगणकावर नवरीचे हार काढायला लागली. पगार उत्तम, हार हे एवढाले. एक नवरी हार घालून बघायला आली, फोटो निघाला, हार उतरला, तर मानेवर लाल वळ. पोरगी 'हुश्श' म्हणाली. त्या दिवशी शांभवीचा फोन आला. "आत्या, मी केलेली वस्तू काढून ठेवताना तिला बरं वाटलं ग." मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड झाला तर दुसरं काय होणार?

त्याच वर्षी माझा भाऊ गेला. गुरुमूर्ती, शांभवीचे वडील. पापनाशमच्या तालुका कचेरीत नोकरीला होता, रोज बसनं जायचा-यायचा. शांभवी नोकरी सोडून परत आली. माडीवरच्या खोलीत तिनं मेज मांडलं, मेणाचे नमुने करू लागली. ते नमुने मुरलीकृष्ण सोनार चांदीत ओतून देतो. हळूहळू तिचं नाव झालं.

पण तिच्या आईच्या, म्हणजे माझ्या सीतालक्ष्मी वहिनीच्या गळ्यात काही नव्हतं. भाऊ गेला आणि वहिनीनं सगळं काढून ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं हो! कोणी सांगायला आलं असतं तर मी त्याला ओट्यावरून खाली धाडलं असतं. तिचं म्हणणं एवढंच, गळ्यात काही असलं की गुदमरतं. झोप उडाली होती, स्वप्नंही पडेनाशी झाली होती.

शांभवी दर वाढदिवसाला काहीतरी करायची, कापसासारखं हलकं. वहिनी घालायची, आरशात बघायची, "छान केलंस हो" म्हणायची आणि डबीत ठेवून परत द्यायची. पोरगी हसत माडीवर जायची, मग वर नळ सोडल्याचा आवाज यायचा. माझा जीव तुटायचा. साऱ्या जगाच्या गळ्यात हिचे दागिने, आणि हिला एकच गळा हवा होता.

मग माझी मान धरली. डॉक्टरांनी पांढरा जाड पट्टा बांधला आणि सांगितलं, गळ्यात दुसरं काही नको. इकडे चेन्नईच्या एका नर्तकीच्या लग्नाचा हार तयार, आणि झोपणारीण अशी पट्ट्यात अडकलेली! शांभवी हार हातात घेऊन बसून राहिली.

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही झोपा."

"मी? नको ग. कोणासाठी घालायचं आता?"

"कोणासाठी काय? नटायला कोण सांगतंय तुम्हांला! काम आहे हे. माझं काम अडलंय."

कामाला नाही म्हणणं वहिनीला ठाऊकच नाही. तिनं पदराला हात पुसले, हार घातला, चटईवर आडवी झाली. "झोप नाही येणार हं."

"मग नुसत्या पडून राहा."

पंखा सावकाश फिरत होता. मागच्या नारळावर पोपट भांडत होते, तेही थांबले. कवडसा जमिनीवरून सरकत सरकत वहिनीच्या मानेपर्यंत आला, आणि हार तिच्या श्वासाबरोबर वरखाली होऊ लागला. दारात शांभवी उभी होती. ऊन उतरेपर्यंत ती तिथून हलली नाही.

वहिनी उठली ती गोंधळलेली. शांभवीनं हळूच विचारलं, "काही पडलं, आई?"

"पडलं की ग." वहिनी जमिनीकडे बघत होती. "पापनाशमची बस. गर्दी ही! ह्यांनी खिडकीतून टॉवेल टाकून माझ्यासाठी जागा धरली होती."

"बसलीस?"

"बसले की. वारा येत होता."

शांभवी रडली, मीही रडले. मेला तो पट्टा, त्यात मान वाकवून डोळेसुद्धा पुसता येईनात!

तेवढ्यात मोपेडवरून पालेभाजीवाली वासुकी कीरै विकायला आली. वहिनी तशीच दारात गेली. वासुकीनं जुडी पुढे केली आणि तमिळमध्ये ओरडली, "अम्मा, किती छान दिसतंय!" वहिनीचा हात झटकन गळ्याकडे गेला. मला वाटलं, आता काढते, गेलं सगळं.

"तपासायला घातलंय," वहिनी म्हणाली. "काम आहे." आणि भाजी निवडायला बसली.

रात्री तिनं हार परत दिला. "कडीपाशी टोचतं, बघ." शांभवीनं कडी बदलली, हार चेन्नईला गेला. मग दुसरा आला, तिसरा आला. वहिनी घालायची, झोपायची, स्वप्न सांगायची, परत द्यायची.

एके दिवशी शांभवीनं एक बारीक साखळी आणली. तिच्यात चांदीचा इवलासा टॉवेल, घडी घातलेला, काठावर रेघा. वहिनी तो तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

"हा कोणाचा?"

"आहे एका गिऱ्हाइकाचा," शांभवी म्हणाली. थाप मारताना तिचे कान लाल होतात.

वहिनी तो घालून झोपली. रात्री शांभवीनं हात पुढे केला. "झालं तपासून?"

"नाही अजून."

दुसऱ्या दिवशीही झालं नव्हतं. अजूनही झालेलं नाही.

आता माझ्या मानेचं. डॉक्टरांनी पट्टा कधीच काढायला सांगितलाय, मान ठणठणीत आहे. पण मी कामावर परतले तर वहिनी साखळी काढून ठेवणार. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. सरोजा आली, आता माझं काय काम, असं म्हणणार. म्हणून तंजावूरच्या या उन्हात मी हे लोढणं गळ्यात घालून बसते. घाम येतो, खाज सुटते, दिसायचं तर विचारूच नका. शेजारपाजारचे हळहळतात.

रोज सकाळी वहिनीच मला तो बांधून देते. "सरोजा, आज कशी आहे ग मान?"

"अय्यो, कुठली बरी होतेय! तुम्हीच बघा अजून थोडे दिवस."

"बरं," ती म्हणते. एक हात गळ्यातल्या त्या टॉवेलाकडे जातो. मग ती पट्टा बांधते. हल्ली जरा सैलच बांधते.